पडद्यावरचे कै. मनोहरराव

माझ्या हातून आजवर एकच गृहस्थ वारले, आणि तेही पडद्यामुळे. (गृहस्थ तेव्हा ठणठणीत होते आणि आमच्याच घरी, आमच्याच खुर्चीत बसून पाणी पीत होते. पण ते पुढे सांगते.)

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये नवीनच राहायला आलो होतो. तिसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला बिल्डरने चौकट दिली होती, पण दार दिलं नव्हतं. "हवा खेळती राहते," असं त्याचं म्हणणं. हवा खेळायची हे खरं, पण बाहेर बसलेल्या पाहुण्याला आमची मोरी बादली-तांब्यासकट दिसायची.

"अगं, काहीतरी आडोसा कर," सासूबाई म्हणायच्या. "शुभाला बघायला लोक येतात. त्यांनी मुलगी बघायची की मोरी?"

शुभा ही माझी धाकटी नणंद. जवळच्याच शाळेत मराठी शिकवायची. स्वभावाने शांत, विचारी, आणि हे दोन्ही गुण चहा संपेपर्यंत कुणाला दिसत नाहीत. दोन-तीन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. पाहुणे गेले की शुभा वह्यांचा गठ्ठा पुढे ओढायची आणि मुलांच्या चुकांवर जरा जास्तच जोरात लाल रेघा मारायची. मला तिच्यासाठी फार वाईट वाटायचं.

दार करून घेणं परवडण्यासारखं नव्हतं आणि कापडाचा साधा पडदा मला पटण्यासारखा नव्हता. कारण मी तेव्हा कलाकार होते! उल्हासनगरला मोहिनीआंटी नावाच्या सिंधी बाई दुपारी हॉबी क्लास घ्यायच्या. तिथे शिकून मी टीव्हीवर नायलॉनची फुलं, फ्रिजच्या हँडलला लोकरीचा झगा आणि सासूबाईंच्या पानाच्या डब्यावर काचा इतकी प्रगती केली होती. (डब्याचं झाकण त्यानंतर लागलं नाही.) मोहिनीआंटींचं एकच तत्त्व होतं, "देखो बेटा, कचरा-वचरा कुछ नहीं होता. कचरा मतलब रॉ मटेरियल!"

त्यांनीच मला तो पडदा शिकवला. लग्नाच्या जुन्या पत्रिका घ्यायच्या, त्यांच्या लांब निमुळत्या पट्ट्या कापायच्या, खळ लावून जेमक्लिपभोवती गुंडाळायच्या, वर वॉर्निश. झाला मणी! क्लिपा एकमेकींत अडकवत गेलं की लड होते, आणि अशा लडी शेजारी शेजारी टांगल्या की पडदा. खर्च जवळजवळ नाहीच.

खर्च नाही, कारण क्लिपा ह्यांच्या ऑफिसातून यायच्या. हे अंबरनाथला एका कारखान्यात हिशेबखात्यात होते.

"अगं, ही चोरी आहे!" शर्टाच्या खिशातून क्लिपांची मूठ काढून देत हे म्हणायचे.

"चोरी कसली? बहिणीच्या लग्नासाठी आहे."

"साहेब विचारत होते, हल्ली सगळ्या फायलींची पानं सुटी का फिरतात म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, हवा खेळती आहे."

पत्रिका अख्ख्या बिल्डिंगने पुरवल्या. तळमजल्यावरच्या दामलेकाकूंनी तर पिशवी भरून दिल्या. त्यांचा गोतावळा मोठा, शिवाय लग्नं जमवून देण्याचा त्यांना छंद. फक्त सासूबाई आडव्या आल्या. "पत्रिकेवर गणपती असतो, आणि त्याला कात्री लावतेस?" मग तोडगा निघाला. गणपती आधी अलगद कापून देव्हाऱ्यात ठेवायचा आणि उरलेली पत्रिका माझी! थोड्याच दिवसांत देव्हाऱ्यात इतके गणपती जमले, की बाळकृष्ण शोधावा लागे. सासूबाईंची पूजा लांबत चालली आणि आम्हाला चहा उशिरा मिळू लागला.

पत्रिकेचा जाड कागद वळता वळेना, तेव्हा मी पट्ट्या भाताच्या वाफेवर धरू लागले. त्यामुळे कागद मऊ झाला आणि भाताला वॉर्निशचा वास येऊ लागला. हे जेवताना घास नाकाशी धरून माझ्याकडे बघत.

अखेर पडदा लागला. आणि खरं सांगते, सुरेख दिसला! रंगसंगतीकडे माझं बारीक लक्ष होतं. एका लडीत सगळा पिवळा कागद, एकीत हिरवा, आणि अगदी मधोमध एक गुलाबी लड, सोनेरी अक्षरांची. पट्टीचं टोक वर राहत असल्यामुळे प्रत्येक मण्यावर छापलेलं काहीबाही दिसायचं. एकावर 'सौ. कां.', दुसऱ्यावर 'शुभमुहूर्ता', तिसऱ्यावर नुसतंच 'वाट पाहत'. मला ते काव्यमय वाटायचं. पडद्यात दोष म्हणाल तर एवढाच, की तो माणसाला सोडायचा नाही. जाता-येता कुणाची वेणी, कुणाचं बटण, कुणाचं मंगळसूत्र क्लिपांत अडकायचंच. आम्ही घरची माणसं वाकून ये-जा करायला शिकलो.

पडदा लागून आठवडा होतो न होतो तोच दामलेकाकू स्थळ घेऊन आल्या. मुलगा श्रीकांत, अंबरनाथचा, नोकरी चांगली. वडील मनोहरराव, छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता निवृत्त.

"माणूस देवगुणी हो," काकू म्हणाल्या. "फक्त दिसेल ते वाचतात. भेळसुद्धा कागद वाचून झाल्याशिवाय खात नाहीत. आणि तब्येतीला जरा भितात. परवाच छातीत दुखलं म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले. वात निघाला."

शुभाने श्रीकांतला दामलेकाकूंकडच्या सत्यनारायणाला पाहिलं होतं. त्या दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "वहिनी, हे स्थळ..." आणि थांबली. शुभाने वाक्य अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, "समजलं. तू काळजी करू नकोस. मी आहे ना!" (नेमकी तीच काळजीची गोष्ट होती.)

रविवारी मंडळी आली. श्रीकांत, त्याच्या आई मालतीबाई, सोबत दामलेकाकू, आणि तीन जिने चढून धापा टाकणारे मनोहरराव. मी त्यांना अगत्याने पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, कलेची जाण असलेला माणूस आहे, दिसू दे!

मनोहरराव पाणी प्यायले, छातीवरून हात फिरवला आणि चष्मा बदलून पडद्याकडे वळले.

"अरे वा! मजकूर आहे की." ते वाचायला लागले. "'सहकुटुंब'... 'सहपरिवर'. छे छे, 'वा'चा काना खाल्लाय. 'आशिर्वाद'. शी पहिली! कुठला छापखाना हा?"

सगळे कौतुकाने हसले. मी जास्त हसले. मनोहरराव पिवळ्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून गुलाबीवर आले आणि एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला.

"मालती," ते म्हणाले, "मी गेलोय."

"कुठे?"

"वर."

"अहो, चांगल्या कामाला आलोय. शुभ बोला!"

"मी कुठे बोलतोय? इथे छापलंय."

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. गुलाबी लडीत, बरोब्बर नजरेच्या रेषेत, एका मण्यावर ठळक सोनेरी 'कै.' होतं. त्याखालच्या मण्यावर 'मनोहर'. त्याखाली 'विश्वनाथ'. पुढचं आडनाव मी कलात्मक दृष्टीने लडीच्या अगदी तळाशी लावलं होतं, पण आता त्याची कुणाला गरज नव्हती!

पत्रिकेवर मुळात 'कै. विश्वनाथ' यांचे नातू आणि 'श्री. मनोहर विश्वनाथ' यांचे चिरंजीव, असं सरळ छापलेलं असणार. माझ्या कात्रीने आजोबांचं 'कै.' काढून त्यांच्या मुलाला लावलं होतं, आणि मनोहररावांचं हक्काचं 'श्री.' कुठल्या तरी मण्याच्या पोटात कायमचं चिकटून बसलं होतं.

पण मालतीबाईंना वेगळंच दिसलं होतं. "अहो, ही आपल्या थोरल्या सुधीरच्या लग्नाची पत्रिका! गुलाबी कागद मी स्वतः निवडला होता. दामलेबाई, तुमच्याकडे किती मानाने पाठवली होती!"

दामलेकाकूंनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. पंखा बंद होता.

"पत्रिकेचे तुकडे करून मोरीपुढे टांगलेत! आणि वर ह्यांना..." मालतीबाई तरातरा उठल्या, लड हातात धरून खात्री करून घेतली आणि गर्रकन वळल्या. "चला! उठा! ह्या घरात पाणीसुद्धा नको."

वळल्या खऱ्या, पण दोन पावलांवर थांबल्या. कारण पडद्याने आपलं काम केलं होतं. त्यांच्या अंबाड्याची जाळी तीन लडींत पक्की अडकली होती.

"सोडा मला!"

"आई, ओढू नकोस, आणखी गुंतेल," श्रीकांत म्हणाला.

"थांबा हं, मी कात्री आणते!" मी म्हणाले.

"कात्री? पत्रिका झाली, आता माझ्या केसांचा पडदा करायचाय का?"

हे बिचारे क्लिप सोडवायला धावले आणि त्यांचं मनगटी घड्याळ चौथ्या लडीत अडकलं. सासूबाई कोपऱ्यात उभ्या राहून देव्हाऱ्यातल्या समस्त गणपतींना हात जोडत होत्या. मनोहरराव नाडी बघत होते. स्थळ मोडून निघालं होतं, आणि माझ्या पडद्यामुळे जाताही येत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. आपल्या हौसेपायी शुभाचं जमणारं लग्न गेलं, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

शुभा पोह्यांचा ट्रे घेऊन पडद्याच्या पलीकडे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, सवयीने वाकून अलीकडे आली, टीव्हीवरच्या वह्यांच्या गठ्ठ्यातलं लाल पेन उचललं आणि गुलाबी लडीपाशी गेली. नखाने वॉर्निश खरवडलं. 'कै.'वर एक बारीक आडवी रेघ मारली. वर नीट गोल अक्षरात लिहिलं, 'श्री.' मग लड मनोहररावांच्या दिशेने वळवून धरली.

"काका, आता वाचा."

मनोहररावांनी नाडी सोडली. चष्मा सारखा केला. बराच वेळ वाचलं. (तीनच शब्द होते, पण माणूस मुरलेला!)

"पुढे टिंब दिलंस," ते म्हणाले.

"संक्षेप आहे ना काका. द्यायलाच हवं."

"द्यायलाच हवं! पण हल्ली देतं कोण? आमच्या छापखान्याच्या मालकांनाही कळायचं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "आणि 'कै.' खोडताना मागची अक्षरं झाकली नाहीस. काय होतं, काय केलं, दोन्ही दिसतंय. मालती, बघितलंस का?"

"मला काहीही दिसत नाही! माझी मान पलीकडे आहे!"

शुभाने स्टूल आणून त्यांना बसवलं. एकेक आकडा काढला, जाळी सोडवली, केस विंचरले आणि अंबाडा पुन्हा बांधून दिला. मालतीबाई भिंतीवरच्या आरशात वळूनवळून बघत राहिल्या. राग अजून नाकावर होता, पण हात अंबाड्यावरून फिरत होता.

"हात हलका आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या, आणि दामलेकाकूंनी पंख्यावरची नजर काढली.

मग पोहे झाले, चहा झाला. हे घड्याळासकट सुटले. निघताना मी भीतभीत विचारलं, "मग... कळवाल ना?"

"कळवायचं काय त्यात?" मनोहरराव म्हणाले. "श्रीकांत मघापासून त्या पेनाकडे बघतोय. पेनाकडे म्हणजे, ज्या हातात आहे तिकडे."

शुभा लाजली आणि स्वयंपाकघरात पळाली. घाईत वाकायचं विसरली, त्यामुळे तिला सोडवायला श्रीकांतला जावं लागलं. सासूबाईंनी मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "तो पडदा आजच्या आज उतरव."

लग्न ठरलं. मुलाकडच्या पत्रिका छापून आल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी वाटल्या गेल्या, आमच्या घरी मात्र मनोहरराव स्वतः आले. दारातच उभे राहिले. खिशातून पत्रिका काढली, आम्हा सगळ्यांना समोर उभं करून 'श्री गजानन प्रसन्न'पासून 'आपले नम्र'पर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवली, आणि नीट घडी घालून परत खिशात ठेवली.

"राग मानू नका वहिनी," ते म्हणाले. "मालतीने बजावलंय. तुमच्या हातात कागद द्यायचा नाही."

राग कसला मानायचा? चूक माझीच होती. पण मनापासून सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलंच हो. पत्रिका मोरपंखी रंगाची होती, आणि मोरपंखी लड माझ्याकडे नव्हती.