विहीणबाईंची राजधानी

बागिलाचा उभा जन्म अराल गावच्या बेकरीत उभ्यानेच गेला होता. पायांच्या फुगलेल्या शिरा तेव्हापासूनच्या. ती लेकीला, सांदुगाशला, भेटायला कझाकस्तानच्या राजधानीत, आस्तान्याला आली होती, पण लेक आणि जावई सकाळीच कामावर गेले. मग विहीणबाई रिस्कुल म्हणाल्या, "घरात बसून काय करता? चला, राजधानी दाखवते." पाहुणीने नाही कसं म्हणावं?

तंबूच्या आकाराच्या उंच इमारतीतला बाजार बघून झाला. मग सोनेरी गोळ्याचा मनोरा. रस्ता सरळसोट, वारा तोंडावर.

"समोर दिसतोय तोच ना?" बागिलाने विचारलं.

"तोच. हा काय, आलाच."

पण तो काही येईना. या शहरात सगळं दिसतं जवळ आणि असतं लांब. वर जाऊन दोघींनी काचेतून खाली पाहिलं, "छान आहे" म्हणाल्या आणि उतरल्या.

बागिला आली होती ती शहर बघायला नव्हेच. सांदुगाशची दुसऱ्यांदा कूस रिकामी झाली होती. फोनवर पोरगी "बरी आहे" एवढंच म्हणायची. सासू टोचून बोलते का, हे बागिलाला जाणून घ्यायचं होतं. पण विहिणीला हे कसं विचारायचं?

नदीकाठी आल्यावर रिस्कुलबाईंनी पलीकडच्या टोकदार इमारतीकडे बोट दाखवलं. "आता तो पिरॅमिड."

"चला," बागिला म्हणाली, पण तिचं पाऊल उचलेना.

रिस्कुलबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग बाकावर धपकन बसल्या आणि बूट काढले. टाचांना फोड आले होते.

"खरं सांगू का विहीणबाई? इतकी वर्षं झाली इथे येऊन, मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि दवाखाना, एवढंच माझं आस्ताना. काल नातेवाइकांना विचारून ठेवलं, कुठून कुठे जायचं ते."

बागिलाला हसू आलं. तिनेही बूट काढले आणि खिशातल्या कुर्तच्या, सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या पुढे केल्या. दोघी चघळत बसल्या. मग बागिलाने नदीकडे बघतच विचारलं, "माझी पोर रडते का हो?"

"रडते. न्हाणीघरात, नळ सोडून." रिस्कुलबाईंनी आणखी एक गोळी उचलली. "माझीही दोन गेली होती, मुलाच्या आधी. सासूने तेव्हा मला दिवसभर घरात कोंडलं, शेजारणी बघायला यायच्या. म्हणून मीच सुनेला म्हटलं, तू कामावर जा, घर मी बघते. तुम्हाला तिने सांगितलं असेल, सासू घरात बसू देत नाही म्हणून."

"असं काही बोलली नाही ती."

"मग गुणाची आहे."

"तुमची दोन गेली, हे तिला सांगा ना."

"जमत नाही मला. तुम्ही बरोबर बसाल तर सांगेन. आज, चहाला."

बागिलाने होकारार्थी मान हलवली. पिरॅमिड राहिला. सुजलेल्या पायांत बूट जाईनात, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या खांद्याचा आधार घेतला, बुटांच्या मागच्या कडा दुमडून ते चढवले आणि बसथांब्याकडे फरफटत निघाल्या.