लासूरकडच्या कोल्ह्याचं डोकं

नसीर डॉक्टर गेल्याचं मला औरंगपुऱ्यात, औषधाच्या दुकानात कळलं. माझ्या बीपीच्या गोळ्या पुडीत बांधता बांधता दुकानदार म्हणाला, "बाई, ते तुमचे कुत्र्यांचे डॉक्टर गेले म्हणं काल." कुत्र्यांचे डॉक्टर! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. पण त्या बिचाऱ्याला काय बोलणार... हा माणूस काय होता ते आमच्या पशुसंवर्धन खात्यालाच शेवटपर्यंत कळलं नाही, तिथं दुकानदाराला कुठून कळावं? पुढच्या आठवड्यात खात्यातल्या जुन्या मंडळींनी शोकसभा ठेवली. आमचे तेव्हाचे साहेब काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर नसीर म्हणजे नियम पाळणारा, शांत संशोधक." मी उठून बाहेर आले. ज्यांनी डॉक्टरांना शांत बसवलं, त्यांनीच त्यांच्या शांतपणाचं कौतुक करायचं! वा रे वा!

मी नसीर डॉक्टरांच्या हाताखाली प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि सारखा बिघडणारा फ्रीज. डॉक्टरांचा ध्यास एकच, जनावरांतला रेबीज. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावलेला. गाव-कुत्रं किंवा गाय-म्हैस पिसाळून मेली की लाल टाचणी, कोल्हा-लांडगा असला की काळी. काळ्या टाचण्या आधी येतात आणि मागून लाल येतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर निबंध लिहून वर पाठवला. वरून उत्तर आलं, रानातली जनावरं आपल्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा हसून मला म्हणाले, "बाई, कोल्हा त्या खात्याचा, गाय आपली, माणूस दवाखान्याचा... जंतूला हे कुणी सांगितलंय का?"

रेबीज तपासायचा तो मेंदूतून. आणि गावाकडं पिसाळलेलं जनावर मारायची रीत एकच, काठी नेमकी डोक्यात घालायची. मेंदूचा चेंदामेंदा, मग तपासणार काय, कप्पाळ? म्हणून डॉक्टर लासूर स्टेशनच्या जनावरांच्या बाजारात जाऊन उभे राहायचे आणि घसा फोडून सांगायचे, "बाबांनो, मारा, पण डोकं सोडून मारा! डोकं ओल्या पोत्यात बांधा, सावलीत ठेवा, मला निरोप द्या." लोक आधी हसायचे. "डाक्टर, कोल्हा इचारून मारू का मंग?" असं म्हणायचे. पण हळूहळू ऐकायला लागले.

त्या उन्हाळ्यात लासूरकडच्या एका वस्तीत भर दुपारी कोल्हा शिरला आणि शेळी बांधणाऱ्या कौसाबाईच्या गालाला चावला. वस्तीवाल्यांनी तो मारला, डोक्याला धक्का न लावता! सांगितल्याबरहुकूम पोत्यात बांधून सावलीत ठेवला. डॉक्टर जीप घेऊन पोचले तर रानातल्या जनावरांचं बघणाऱ्या दुसऱ्या खात्याचा माणूस आधीच हजर. "साहेब, पंचनामा झाल्याबिगर हात लावायचा नाय. वरून परवानगी येऊ द्या." डॉक्टर म्हणाले, "डोकं तेवढं द्या, बाकीचा कोल्हा ठेवा तुमच्याकडं." नाही म्हणजे नाही. पोतं त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. डॉक्टर दोन दिवस त्या कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. मधल्या वेळात वस्तीवर जाऊन कौसाबाईला विनवून आले, "मावशी, कागदाची वाट बघू नका. सुया टोचून घ्या." तेव्हा पोटात चौदा सुया घ्याव्या लागायच्या. ती म्हणाली, "येऊ द्या की रिपोर्ट. फुकट कशाला पोटाची चाळण करून घिऊ?"

तिसऱ्या दिवशी पोतं माझ्या टेबलावर आलं. उघडलं, तर आत किडे वळवळत होते. मी लिहिलं, "नमुना तपासणीस अयोग्य." त्याच सकाळी डॉक्टरांना साहेबांनी एका मंत्र्याच्या जनावरांच्या प्रदर्शनाला परजिल्ह्यात धाडलं होतं. माझा कागद टपालानं वस्तीवर पोचला. कौसाबाईच्या नवऱ्यानं, आसारामनं, तो वाचून घेतला आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला, तपासलं आणि काही निघालं नाही. समजावून सांगणारा माणूस तिकडं बैलांच्या शिंगांना रिबिनी बांधून घेत होता! परत आल्या आल्या डॉक्टर धावत गेले, तिला शहरात आणली, सुया सुरू केल्या. पण चावा गालावरचा, मेंदू जवळ... काही दिवसांत पाण्याचा तांब्या बघून ती किंचाळली. मग सगळं संपलं.

चौकशी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी! "नमुना प्रयोगशाळेत पोचवण्यात हलगर्जी" असा ठपका नसीर डॉक्टरांवर आला. बढती गेली, नकाशा भिंतीवरून उतरला. आसाराम मात्र वस्तीवरून येऊन साहेबांच्या तोंडावर बोलून गेला, "डाक्टर पायरीवर बसल्याला आम्ही बघितलाय. तुम्ही कुठं व्हता?" त्याचं कोण ऐकतो!

आता माझं सांगते. नमुन्याच्या नोंदवहीत एक रकाना असतो, विलंबाचं कारण. मी पेन उचललं तेव्हा साहेब समोर उभे होते. म्हणाले, "राहू द्या तो रिकामा. दुसऱ्या खात्याशी वाकडं कशाला घ्यायचं?" आणि मी मूग गिळून गप्प बसले. नवी नोकरी, पदरात दोन लेकरं, घरात दुसरी मिळकत नाही... कारणं पुष्कळ आहेत, खरीही आहेत, तरी लाज वाटते. त्या एका कोऱ्या रकान्यावर सगळी चौकशी उभी राहिली.

परवा डॉक्टरांच्या पत्नीला, रुखसानाभाभींना भेटायला गेले. त्यांनी डॉक्टरांच्या खोलीतली एक फाईल माझ्या हातात दिली. चौकशीला दिलेल्या उत्तराची कार्बन प्रत होती. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ, "नोंदवहीत कारण लिहिलेले नाही, यात तंत्रज्ञ बाईंचा दोष नाही, त्यांच्यावर कारवाई होऊ नये." म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं, रकाना मी का कोरा सोडला ते! पुढं इतकी वर्षं रोज समोर बसले, चहा पाजला, लेकरांची चौकशी केली, आणि एका शब्दानं बोलले नाहीत. अहो, बोलायचं होतं डॉक्टर! भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. भाभी म्हणाल्या, "ते म्हणायचे, बाईला काही विचारू नका. आधीच घाबरलेल्या आहेत."

ती नोंदवही कुठल्या रद्दीत गेली, देव जाणे. म्हणून इथं लिहिते. विलंबाचं कारण: डोकं तिसऱ्या दिवसापर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये अडवून ठेवलं होतं. डॉक्टर पहिल्या दिवसापासून ते मागत होते. नोंद करणारीला हे माहीत होतं.