पुलाच्या अलीकडे थांबलेली कंपनी

गेल्या रविवारी तुम्ही दोघं कॉलवर होतात, तेव्हा धाकट्याने आजोबांना ओरडून एक प्रश्न विचारला. ओरडावंच लागतं, कारण त्यांचे कान तोफांनी केव्हाच नेले. "आजोबा, शत्रू आपल्या देशात घुसला, आपण त्याला हाकलून लावलं, मग तसंच त्याच्या मागे मागे त्याच्या देशात का नाही जायचं? गेम तिथेच तर जिंकता येतो." बातम्यांत हल्ली रोज तेच चाललंय, म्हणून तुम्हाला पडलेला प्रश्न. आजोबा म्हणाले, "दम पुरला पायजे रं बाळा," आणि कुंड्यांना पाणी घालायला उठून गेले. धाकट्याचं तोंड पडलेलं मला दिसलं. म्हणून उत्तर मी लिहिते आहे. मी सैन्यातली नाही, पण हे उत्तर मला फार जवळून ठाऊक आहे.

आधी एका अक्षराबद्दल सांगायला हवं. मी पुण्यात वाढले, इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि लग्न होऊन कोल्हापुरात आले. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चहा घेतीस की." मी थांबले. पुण्यात असं म्हटलं की पुढे काहीतरी येतं: चहा घेतेस की कॉफी, की नंतर घेतेस. मी विचारलं, "की काय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "की काय म्हंजे? घे की!" मग नणंदेकडे वळून म्हणाल्या, "एवढी शिकल्या म्हणं, आन् च्या घे म्हणल्यालं कळंना." इथल्या बोलण्यात 'की' हा प्रश्न नसतो, आग्रह असतो. बसा की, म्हणजे बसाच. या की, म्हणजे याच. मला अंगवळणी पडायला वर्ष गेलं.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात युद्ध सुरू झालं. तुमचे आजोबा तेव्हा कॅप्टन होते, पश्चिम सीमेवर, एका कंपनीचे प्रमुख. मी घरी रेडिओशेजारी, आणि तुमची आई माझ्या पोटात.

शत्रूने आमच्या बाजूची काही गावं घेतली होती. आजोबांच्या कंपनीने त्याला एका गावाच्या वेशीवर रोखलं आणि मागे रेटलं. मग वरून हुकूम आला की आता सीमा ओलांडा आणि पलीकडचं एक गाव घ्या. हेतू साफ होता. आपल्या हातात त्यांचं काहीतरी असलं, तर आपली गावं सोडवून घेता येतील. ते गाव थोड्या झटापटीत हाती आलं. भोवती सगळा ऊस. कागलकडचा एक नाईक कंपनीचा वायरलेस सांभाळायचा. तो म्हणाला, "सायब, आपल्या शिवारात आल्यागत वाटतंय की!" आजोबा सांगतात, त्या वाक्याने त्यांना थोडी भीती वाटली. आपल्या शिवारासारखं दिसलं, तरी ते आपलं शिवार नव्हतं.

हे ते मला पुढे बऱ्याचदा समजावून सांगत. आपल्या जमिनीवर लढताना विहीर कुठे, वाट कुठे, हे सांगायला माणसं असतात. जखमी झालात तर कुणीतरी घरात घेतं. रेष ओलांडली की हे सगळं उलटं होतं. कालपर्यंत शत्रू दमलेला, घरापासून लांब, परक्या मुलखात अडकलेला होता. आता तसे तुम्ही असता आणि तो आपल्या दारात असतो. तुमचं पेट्रोल, दारूगोळा, भाकरी सगळं एकाच रस्त्याने मागून येतं, आणि प्रत्येक मैलाला तो रस्ता लांब आणि बारीक होत जातो. पुढे पाठवलेली माणसं मागे आपल्या घराच्या राखणीतून कमी झालेली असतात. शिवाय कालपर्यंत जग म्हणत होतं, बिचाऱ्यांवर हल्ला झाला. उद्या म्हणेल, दोघेही सारखेच. "आणि मुख्य म्हणजे," ते म्हणत, "कशाला चाललोय ते ठाऊक असलं पायजे. नुसत्या रागानं गेलेल्याला कुठं थांबायचं ते कळत न्हाय." तरी कधीच जाऊ नये, असं ते म्हणत नाहीत. न गेलं तर शत्रू सावकाश दम खातो आणि पुन्हा येतो.

हे सगळं शहाणपण नंतरचं. त्या दुपारी गाव हाती होतं आणि समोर, उसाच्या पलीकडे, कालव्यावरचा पूल दिसत होता. शत्रू पळालेला. पोरं चेकाळलेली. "सायब, धरू या की पूल!" असं सगळीकडून चाललेलं. आजोबांनाही जायचं होतं. पूल घेतला असता तर पदक नक्की होतं, आणि तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीसचे होते.

त्यांनी नाईकाकडून मागे विचारणा करायला लावली. पलटणीच्या मुख्य ठाण्यावर वायरलेसजवळ एक मेजर होते, पुण्याचे. शत्रूला हिंदी कळायची, म्हणून ही माणसं मराठीत बोलत. नाईकाने कळवलं की पूल मोकळा दिसतोय. पलीकडून आवाज आला, "थांबताय की..." आणि नुसती खरखर. मग सेटच बंद पडला.

"काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं.

"थांबताय की, म्हणले."

"थांबा म्हणाले?"

"व्हय सायब. मेजरसाब सोता बोलले."

आजोबा आणि नाईक, दोघेही कोल्हापूरकडचे. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आजोबांनी चरफडत खंदक खणायला लावले.

पहाटे शत्रूचे रणगाडे उत्तरेकडून उसातून आले आणि गाव आणि पूल यांच्यामधल्या रस्त्यावर उभे राहिले. कंपनी पुलावर असती तर मागची वाट बंद झाली असती. तोफा आणि दारूगोळ्याचे ट्रक चिखलात रुतत रुतत कसेबसे गावापर्यंतच पोचले होते. त्यांच्या जोरावर गाव टिकलं. तरीही काही माणसं गेली. त्यांची घरं आजऱ्यापासून जयसिंगपूरपर्यंत पसरली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक घरी आजोबा स्वतः जाऊन आले.

युद्ध थांबलं, करार झाला, ते गाव परत दिलं गेलं आणि आपली गावं परत आली. पुढच्या उन्हाळ्यात मेजर बेळगावला जाता जाता आमच्याकडे उतरले. नाईकही रजेवर होता, तो गुळाची ढेप घेऊन आला. मी तिघांची पानं मांडली.

मेजर जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचं मला कौतुक वाटतं. तरुण पोरगा, समोर मोकळा पूल, आणि आपण होऊन थांबला!"

"आपण होऊन कुठं?" आजोबा म्हणाले. "तुम्हीच थांबा म्हणालात."

"मी? मी तर विचारत होतो. थांबताय की पुलापर्यंत जाताय, तुमच्या अंदाजावर सोडतो, असं म्हणालो मी."

नाईकाचा घास हातातच राहिला. "न्हाय सायब. तुमी 'थांबताय की' म्हणलासा. आमी थांबलो की!"

मला हसू आवरेना. मी त्यांना सासूबाईंचा चहा सांगितला. मेजर ठसका लागेपर्यंत हसले. मग हळूहळू त्यांचं हसू उतरलं.

"माझं वाक्य पुरतं पोचलं असतं, तर काय केलं असतंस?"

आजोबांनी पानातून वर पाहिलं नाही. "गेलो असतो."

"सायब गेलं असतं तर आमीबी मागनं गेलो असतो," नाईक म्हणाला.

आत पाळण्यात तुमची आई जागी होऊन हातपाय हलवत होती. त्या बाळाने आपला बाप पाहिलाच नसता.

कुणाचे आभार मानायचे, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. अर्धंच बोललेल्या मेजरांचे, चुकीचं ऐकलेल्या नाईकाचे, की मनाविरुद्ध असूनही हुकूम पाळणाऱ्या नवऱ्याचे? मी आत जाऊन आणखी गरम भाकऱ्या आणल्या आणि नको नको म्हणत असताना तिघांच्याही पानात वाढल्या.