फॅटवाली क्रांती

"माझ्या म्हशीच्या दुधात पाणी म्हणतीस? तोंडात किडं पडतील तुझ्या!"

"पाणी मी न्हाय म्हटलं, मावशी. मशीन फॅट पाच-दोन म्हणतंय. पुढचं कोण? किटली द्या."

कसबा बावड्याच्या दूध संस्थेत हे भांडण झालं त्याला बारा वर्षं झाली. ओरडणारी माझी शेजारीण धोंडुबाई, आणि मी तिच्या मागंच रांगेत होते. क्रांती दुधातलं फॅट मोजायच्या मशीनवर बसायची आणि ज्याचा त्याचा आकडा रांगेला ऐकू जाईल असा सांगायची. खोटं बोलायची नाही, पण हळूही बोलायची नाही. माझीसुद्धा म्हैस तिनं चारचौघांत कितीदा उघडी पाडली. गल्लीत तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे.

संस्थेतलं काम सुटल्यावर ती शहरातल्या एका दवाखान्यात लागली. आईच्या दुधात काय काय असतं आणि त्यावर बाळ कसं वाढतं, याचा अभ्यास तिथले डॉक्टर करत होते. क्रांतीनं बर्फाची पेटी घेऊन घरोघर जायचं, दर महिन्याला बाळंतिणीचं चमचाभर दूध काचेच्या नळीत भरून न्यायचं, बाळाचं वजन लिहायचं.

गल्लीचा समज झाला, आता सुनांचं फॅट लागणार. कुणी दार लावून घेतलं, कुणी म्हटलं हिच्या नजरेनं दूध आटतं. धोंडुबाईनं मात्र दार सताड उघडलं. तिची सून निशिगंधा तीन महिन्यांची बाळंतीण, आणि नातू नुसता काडी.

"ये. हिचं फॅट काढ आन् बोंबलून सांग. कमी लागलं की उद्यापासनं म्हशीच्या दुधाची बाटली लावते. आटू दे हिचं."

निशिगंधा पोरगं छातीशी धरून मुकाट रडत होती. आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत, मला सगळं दिसत होतं.

"नळीवर नाव नसतंय, नंबर असतोय. आकडा मला बी कळत न्हाय."

"खोटारडे! माझ्या म्हशीला बोलताना लई कंठ फुटत हुता, आता मुकी झालीस व्हय?"

निशिगंधानं पाजायला घेण्याआधी क्रांतीनं तिच्या दुधाची एक नळी भरून घेतली. पोरगं प्यायला लागलं न लागलं तोच धोंडुबाई ओरडली, "बास झालं, ऊठ. शेण पडलंय." निशिगंधा रोजच्यासारखी त्याला सोडवून उठायला लागली.

"बस खाली," क्रांती म्हणाली. "त्याचं पोट भरल्यावर दुसरी नळी घ्यायची असती."

दुसरी भरल्यावर तिनं दोन्ही नळ्या कट्ट्यावर शेजारी ठेवल्या. पहिलीतलं दूध निळसर, पातळ. दुसरीतलं पांढरंशुभ्र, घट्ट.

"मावशी, म्हशीची धार काढताना तुम्ही अर्ध्यावर उठता काय?"

चाळीस वर्षं म्हशी पिळलेली बाई. साय शेवटच्या धारेत असते, हे तिला कोण शिकवणार? ती नळ्यांकडं बघत राहिली. मग अंगणात थुंकली. "लई शानी झालीस," म्हणाली, आणि शेणाची पाटी स्वतःच उचलून गोठ्यात गेली.

बाटली काही लागली नाही. पाजताना सुनेला हाक मारणं धोंडुबाईनं बंद केलं. पण क्रांतीला घोटभर पाणी विचारलं असेल तर शपथ.

सहाव्या महिन्यात शेवटची खेप होती. तीन महिन्यांत अडीच किलोनं वाढलेलं पोरगं वजनकाट्यावर लाथा झाडत होतं.

"सहा किलो नऊशे!" क्रांतीनं सांगितलं, रांगेत सांगायची तसंच.

"सांग गावाला! दृष्ट लाव माझ्या नातवाला!" धोंडुबाईनं दारातनं शिव्या घातल्या.

क्रांतीनं वजन लिहिलं, दोन्ही नळ्या बर्फात खोचल्या, पेटी स्कूटीवर बांधली आणि बर्फ वितळायच्या आत दवाखाना गाठायला निघून गेली.