वरची पट्टी

बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले फार गर्विष्ठ. "माह्यासारखे बोटं जिल्ह्यात कोनाचेच नाही," असं येता-जाता ऐकवतात. भजनात काही बिघडलं, तर दोष हमखास तबलजीचा.

घशाच्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच गायला बसलो. पट्टी माझी नेहमीचीच होती, पण वरच्या सुराला आवाज फाटला. मला उठून जावंसं वाटलं.

पेटीवाल्यांनी भाता थांबवला. "माह्यीच चूक झाली. वरची पट्टी धरली म्या," असं सगळ्यांना सांगून त्यांनी खालची पट्टी धरली. माझा अभंग पुरा झाला.

नंतर मी त्यांचे हात हातात घेतले, तर म्हणाले, "राहू द्या भाऊ. मी चुकलो, हे फक्त बुलढाण्यापर्यंत जाऊ देऊ नोका."