प्रेमराजने फीत कापली नाही

साक्रीजवळच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा आयटीआय झालेला प्रेमराज त्यांच्यावर चढायला लागला. कामाला हात चांगला, उंचीची भीती नाही. ठेकेदार कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी डेन्मार्कला पाठवलं. आठ महिन्यांतच तो परत आला. कोणी विचारलं, तर थंडी सोसली नाही म्हणायचा.

थंडीचं निमित्त खोटं होतं. तिथल्या गावात एक चिमुकला पक्ष होता. जुन्या नाझी टोळीतून फुटलेल्या दहा-बारा जणांनी काढलेला. झेंड्यावरची जुनी खूण त्यांनी काढली, इस्त्रीचे शर्ट घातले, पण बोलणं तेच राहिलं: बाहेरच्यांना हाकला. दर शनिवारी ते चौकात टेबल मांडून पत्रकं वाटत. प्रेमराज जवळ आला की पत्रक देणारा हात मागे जाई. एका शनिवारी त्याच टेबलामागे त्याला लार्स दिसला. रोज त्याच्याबरोबर मनोऱ्यावर चढणारा, त्याचा कमरेचा दोर तपासणारा जोडीदार.

सोमवारी प्रेमराजने त्याला विचारलं.

"तू कामाला चांगला आहेस," लार्स हसत म्हणाला. "पण आमचं राज्य आलं की तुला पहिल्या विमानाने घरी पाठवू. मनाला लावून घेऊ नको."

प्रेमराजने जोडीदार बदलून मागितला. साहेब म्हणाले, ज्याचं मत त्याच्यापाशी. त्या माणसाच्या हातात आपला दोर द्यायला प्रेमराज तयार झाला नाही, आणि कंपनीने त्याला परतीचं तिकीट दिलं.

पुढे निवडणुकीत त्या पक्षाला शंभर मतंही पडली नाहीत. पुढारी आपसात भांडले, पक्ष मोडला. ही बातमी प्रेमराजने साक्रीत मोबाइलवर वाचली. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पक्ष मोडला, लार्स तर तसाच होता.

मागच्या वर्षी प्रेमराजची थोरली बहीण नूतन हिच्या नवऱ्याने, हितेंद्रने, धुळ्यात व्यायामशाळा काढली. परदेशी राहून आलेला मेहुणा म्हणून त्याने फीत कापायला प्रेमराजला बोलावलं. पडदा सरकला. पाटीवर लिहिलं होतं, 'हिटलर जिम'. शेजारी त्या मिशांचं चित्र.

कात्री हातात घेऊन प्रेमराज थांबला. "दाजी, हे नाव कसाले?"

"दमदार नाव आहे. पोरांना आवडतं."

"हा कोण होता, माहीत शे का तुम्हाले?"

"शिस्तीचा माणूस होता. आपल्याकडे असाच पाहिजे."

"त्याची माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी तुम्हालाही टेबलाजवळ उभं केलं नसतं."

हितेंद्रचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. जमलेल्या लोकांसमोर तो म्हणाला, "तिकडून घाबरून पळून आलास, आणि इथे मला शिकवतोस?"

प्रेमराजने कात्री खुर्चीवर ठेवली. "हो, पळून आलो. पण ही फीत मी कापणार नाही."

तो तसाच बसस्टँडवर गेला. घरी आई भिकुबाई चिडली. "बहीनना घर असं करतस का?" तो न जेवताच झोपला.

हितेंद्रने स्वतःच फीत कापली. पाटी अजून तिथेच आहे, पोरंही येतात. दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे. भाऊबीजेला नूतन एकटीच एसटीने साक्रीला आली. ओवाळून झाल्यावर तिने विचारलं, "तिकडे खरंच काय झालं होतं रे?"

मग प्रेमराजने तिला लार्सबद्दल पहिल्यांदा सगळं सांगितलं.