खाप्याची कलमवाली मावशी

कलमवाली मावशी बोलायची थांबली की समजावं, तिच्या ओठांत डोळा आहे. संत्र्याच्या फांदीवरून सालीसकट काढलेला तो इवलासा अंकुर वाळू नये म्हणून ती ओठांत धरायची, जंबेरीच्या, म्हणजे जहाल आंबट रानटी लिंबाच्या, रोपाला चीर द्यायची आणि डोळा आत बसवून पट्टी बांधायची. तेवढाच वेळ शांतता. एरवी तिच्या तोंडातून कोणी सुटलं नाही. मी तर नाहीच.

खाप्याला आमचं हिवाळ्याचं घर होतं. दिवाळी झाली की नागपूरहून जायचं, होळीला परतायचं. अंगणातली सगळी संत्री मावशीच्या हातची. लग्न होऊन आले तेव्हा मी बॉटनीची पदवीधर होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. मावशीने एक कलम माझ्या हवाली केलं. पट्टीच्या खाली फुटेल ते खुडत जा म्हणाली. मला ते क्रूर वाटलं. खालचे फुटवे कसे जोमदार, काटेरी, हिरवेगार. वरचा मरतुकडा डोळाच मी कापून टाकला. काही वर्षांनी झाड लगडलं. फळं जरा पिवळी, खडबडीत होती. म्हटलं, गावरान जात असेल. सासरच्या पाहुण्यांना मिरवत सोलून दिली. नणंदेचा जबडा जेवणापर्यंत आखडलेला होता. निव्वळ जंबेरी. मावशीने एक फोड शांतपणे खाल्ली आणि पाहुण्यांना म्हणाली, "शिकलेली हाये. चालाचंच."

गेल्या हिवाळ्यात घर विकलं. हे गेल्यावर एवढं अंगण माझ्या गुडघ्यांना झेपेना. घेणाऱ्याला तिथे लग्नाचं लॉन करायचं होतं. होळीनंतर झाडं तोडणार होता. फळांनी वाकलेल्या झाडाखाली मी रडत बसले होते. मावशीला आता दिसत नाही, हातही थरथरतात. काठी टेकत आली.

"रडून काहून राहिली वं? झाड काय गाडीत बसते? डोळे काढ. रोपं आहेत माह्याजवळ."

इतक्या वर्षांत मी एकही कलम बांधलं नव्हतं. आता ती बाजेवर, मी जमिनीवर, ओठांत डोळा. त्यामुळे एकाही टोमण्याला उत्तर देता येईना. पहिली चार रोपं तिने हाताने चाचपून फेकायला लावली. मग पंधरा बांधली.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. डोळे काळे पडले असते तर आमच्या बागेतलं काही म्हणजे काही उरलं नसतं. मावशी एकेकावर अंगठा फिरवत गेली. "जित्ता हाये. हा बी जित्ता." बारा जगले. एकावर तिचा अंगठा जरा रेंगाळला. "हा तर माह्यासारखा बांधला तुनं."

पदवीदान समारंभात मी एवढी ताठ उभी नव्हते.

निघायच्या दिवशी गल्लीत घरोघरी एकेक रोप गेलं. घर घेणाराही लाजत मागायला आला. लॉनच्या दाराशी लावीन म्हणाला. उरलेली दोन नागपूरला बेशाच्या घरी न्यायला मी मांडीवर घेतली. मुलाच्या गाडीच्या नव्याकोऱ्या सीटवर चिखल ओघळला, मी ओघळू दिला. मावशी फाटकाशी उभी होती. मी हात हलवला आणि मग आठवलं, तिला दिसत नाही. मुलाला म्हटलं, हॉर्न वाजव. त्याने हळूच वाजवला. म्हटलं, वरात चालल्यासारखा वाजव, गल्ली संपेपर्यंत हात काढू नको.